लायसन सस्पेंड व्हायला दारूच लागते असं नाही

आमच्या काउंटरवर येणाऱ्या बहुतेकांचा एक ठाम समज असतो, की लायसन सस्पेंड होतं ते दारू पिऊन चालवणाऱ्याचं नाहीतर कुणाला तरी उडवून पळून गेलेल्याचं, आपल्यासारख्या सरळमार्गी माणसाचा त्याच्याशी काय संबंध. मग आरटीओची नोटीस येते, ती घेऊन माणूस येतो आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगतो, "ताई, मी तर पीत पण नाही हो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचं साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, सासऱ्यांनी चालू केलेलं. गाडीवर नवरा आणि इन्स्ट्रक्टर असतात आणि ऑफिस मी बघते, म्हणजे लर्निंगचे फॉर्म, टेस्टचे स्लॉट, रिन्यूअल, आणि सगळ्या गावाच्या शंका. हल्ली सस्पेंडवाल्यांचे प्रश्न इतके येतात की म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू, लिंक पाठवून दिली की काम झालं. मी वकील नाही हे आधीच सांगते, पण मोटार वाहन कायदा कामामुळं रोज चाळावा लागतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. चौकातला हवालदार लायसन सस्पेंड करत नाही, त्याला तो अधिकारच नाही. तो लायसन ताब्यात घेऊ शकतो, घेतल्यावर पोच द्यायची असते, ती मागून घ्या, लाजू नका, पण खाली सांगते त्या गुन्ह्यांसाठी लायसन जप्त झालं असेल तर ते परत मिळेपर्यंत त्या पोचवर गाडी चालवता येत नाही. पुढं ते लायसन आरटीओकडं जातं आणि सस्पेंड करायचं की नाही हे आरटीओ ठरवतो. दुसरा अधिकार कोर्टाला. त्यामुळं "पोलिसानं सस्पेंडची धमकी दिली" असं कुणी सांगितलं की मी विचारते, कलम कुठलं लावलं ते चलानवर बघा आधी. कारण सगळा खेळ कलमाचा आहे.

२०१९ ला कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, १ सप्टेंबरपासून ती लागू झाली. तेव्हा सगळ्या देशात बोंब झाली ती दंडाच्या आकड्यांवरून, टीव्हीवर पण तेच, व्हॉट्सअ‍ॅपवर पण तेच. आपल्या महाराष्ट्रात तर वाढीव दंड लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. पण त्या गदारोळात कलम २०६ मध्ये एक छोटं पोटकलम घुसलं त्याच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. त्यात सांगितलंय की अमुक अमुक गुन्हा असेल तर पोलिसानं लायसन जप्त करून आरटीओकडं पाठवायचं. आणि कलम १९ मध्ये त्याचा पुढचा भाग टाकला, पहिल्यांदा असेल तर ३ महिने बाद, दुसऱ्यांदा असेल तर लायसन रद्द. ती यादी वाचली की कळतं की यात दारू फक्त एक आहे. बाकी काय, तर वेग, धोकादायक ड्रायव्हिंग, रस्त्यावर रेस लावणं, धड नसलेली गाडी रस्त्यावर आणणं, टूव्हीलरवर जादा माणसं, हेल्मेट नसणं, आणि अ‍ॅम्ब्युलन्स फायरब्रिगेडला वाट न देणं. आता सांगा, यातलं एक पण केलेलं नाही असा माणूस पोवई नाक्यावर अर्धा तास उभं राहून मला शोधून दाखवा.

हेल्मेटचं जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त भांडण त्याच्यावरून होतं. लोकांना वाटतं हेल्मेट म्हणजे ५०० रुपयांची पावती, संपला विषय. पण कलम १९४ डी मध्ये दंडाच्या सोबत ३ महिने लायसनला अपात्र हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मुंबईत २०२२ च्या जूनपासून मागं बसणाऱ्याला पण हेल्मेट म्हणून वाहतूक पोलिसांनी मोहीम काढली तेव्हा त्यांनी हेच सांगितलेलं, ५०० दंड आणि ३ महिने सस्पेंड. आणि गंमत बघा, मागं बसलेल्या माणसानं घातलं नाही तरी अडकतो तो चालवणारा, कारण कायद्याच्या भाषेत जो "चालवतो किंवा चालवू देतो" त्याच्यावर जबाबदारी आहे. बायको म्हणाली केस विसकटतात, तर बायकोचे केस नीट राहतील पण लायसन तुमचं जाईल. अजून एक, हेल्मेट डोक्यावर नुसतं ठेवलंय आणि पट्टा लोंबतोय, तर कायद्यानं ते घातलेलं धरत नाहीत, पट्टा नीट बांधलेला पाहिजे असं कलम १२९ मध्येच आहे. आणि ते रस्त्याकडेला २५० रुपयांना मिळणारं टोपलं, त्याच्याबद्दल मी न बोललेलं बरं, आयएसआय मार्क बघून घ्या एवढंच.

यातला खरा घोळ पुढं आहे. लायसन एकच असतं. टूव्हीलर, कार, ट्रान्सपोर्ट सगळं त्या एकाच कार्डावर. आमच्याकडं एक टेम्पोवाला दादा आला होता, माल वाहतूक करतो, गाडी एकदम व्यवस्थित चालवतो, टेम्पोवर एक चलान नाही. घरची स्कूटर घेऊन दूध आणायला गेला, हेल्मेट नव्हतं, पकडला, आणि नोटीस आली. आता त्याच्या डोक्यात हे बसेना की स्कूटरच्या हेल्मेटपायी टेम्पो कसा काय बंद होतो, तो मला परत परत म्हणत होता टेम्पोत हेल्मेट लागत नाही ना ताई. नाही लागत दादा, पण १९४ डी लायसनबद्दल बोलतं, स्कूटरबद्दल नाही. ज्याचं पोट लायसनवर आहे त्यानं घरच्या गाडीवर जास्त जपलं पाहिजे हे मी तेव्हापासून प्रत्येक टीआरवाल्याला, म्हणजे ट्रान्सपोर्ट लायसनवाल्याला, सांगते, ऐकतात किती ते देवाला माहीत. माझं स्वतःचं मत विचाराल तर ही शिक्षा सगळ्यांना सारखी दिसते पण सारखी बसत नाही. ऑफिसला जाणारा माणूस ३ महिने एसटीनं जाईल, रिक्षा करेल, ड्रायव्हरच्या घरात मात्र ३ महिने पगारच नाही. आरटीओच्या सुनावणीत हे सांगता येतं, त्याच्यावर पुढं लिहिते.

ट्रिपल सीट म्हटलं की कॉलेजची पोरं डोळ्यांपुढं येतात. पण नवरा, बायको आणि मधी ७ वर्षांचं लेकरू हे पण ट्रिपलच आहे हो. कलम १२८ मध्ये चालवणारा आणि अजून एक, एवढंच आहे, लहान मुलाला वेगळं मोजलेलं नाही. आपल्याकडं सगळं मध्यमवर्गीय आयुष्य त्या एका स्कूटरवर चाललंय, शाळा, बाजार, सासरवाडी, त्यामुळं पोलीस पण बघून सोडून देतात, आणि मला ते चूक वाटत नाही खरं सांगायचं तर. पण सोडलं म्हणजे चालतं असं नाही, एखाद्यानं नाही सोडलं तर १९४ सी लागतं आणि त्याला पण ३ महिनेच आहेत.

आता धोकादायक ड्रायव्हिंग, कलम १८४. नाव ऐकून वाटतं काहीतरी फिल्मी असेल, स्टंट वगैरे. २०१९ नंतर त्यात काय काय मोडतं ते कायद्यानंच सांगून टाकलंय. सिग्नल तोडणं. स्टॉपची पाटी असताना न थांबणं. हातात मोबाईल धरून चालवणं. चुकीच्या पद्धतीनं ओव्हरटेक. आणि राँग साइड. झालं की नाही सगळं गाव आत? हायवेच्या सर्व्हिस रोडला आमच्याकडं राँग साइड हा जवळजवळ हक्क समजतात, पुढं जाऊन पुलाखालनं वळून यायचं म्हणजे लोकांना जिवावर येतं, तेवढ्यासाठी समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडात घुसतील. नवरा शिकवताना सगळ्यात जास्त ओरडतो तो इथंच. १८४ ला पहिल्यांदा १००० ते ५००० दंड आणि वर तुरुंगाची पण तरतूद आहे, ती कुणाला माहीतच नसते.

मोबाईलचं एक स्पष्ट करते कारण डिलिव्हरीवाली पोरं फार विचारतात. मॅप बघायला फोन वापरायची परवानगी २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमातच आहे, पण फक्त रस्ता बघायला आणि लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. म्हणजे होल्डरला लावा. हातात धरून "मी मॅपच बघत होतो साहेब" याच्यावर कुठला साहेब विश्वास ठेवणार आहे, खाली मॅप आणि वरती इन्स्टाची नोटिफिकेशन चमकतेय.

तसं मोबाईल, सिग्नल, वेग, दारू, मालाचा ओव्हरलोड आणि मालाच्या गाडीत माणसं, या सगळ्यांना किमान ३ महिने सस्पेंड करा असं सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ लाच राज्यांना सांगितलं होतं. त्यामुळं "हे मागच्या दोनचार वर्षातलं खूळ आहे" असं जे म्हणतात ते तितकंसं खरं नाही, फक्त आता नोटिसा दिसायला लागल्या.

मालाच्या गाडीत माणसं हा आमच्या भागातला खास विषय. मांढरदेवची यात्रा असो, पालची यात्रा असो नाहीतर लग्नाचं वऱ्हाड, पिकअपमधी ताडपत्री टाकली, म्हाताऱ्या बायका खाली, पोरं फाळक्यावर, की निघाले. गरीब माणसाला अख्खी बस ठरवणं परवडत नाही हे मला कळतं. पण घाटात एक पिकअप कलंडला की एका वस्तीतली किती घरं बसतात हे आपल्या भागानं बघितलेलं आहे. ड्रायव्हरला भाडं मिळतं थोडं आणि लायसन लावलेलं असतं डावावर, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या २१ नंबरच्या नियमात हे ठळक आहे, टपावर असो का केबिनमधी जादा असो. ओव्हरलोड पण त्यातच आहे. उसाच्या सीझनला हायवेच्या कडेनं जे काही चाललेलं असतं ते बघून मी एवढंच म्हणते की नियम ज्यांनी लिहिला त्यांनी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रात्री मागनं, लाईट नसताना, कधी बघितला असेल का.

हा नियम २१ एकदा वाचाच, मनोरंजक आहे. खून मारामारी राहू द्या बाजूला, रिक्षा टॅक्सीवाल्यानं पहिलं आलेलं भाडं नाकारलं, जास्त पैसे मागितले, जवळचा रस्ता सोडून फिरवून नेलं, पॅसेंजरशी उद्धट बोलला, सार्वजनिक गाडी चालवताना बिडी ओढली, विनाकारण रेंगाळला, दुसऱ्याच्या गाडीत चढणाऱ्या पॅसेंजरला अडवलं, यातलं प्रत्येक कारण लायसनवर कारवाईला पुरतं. मी हे आमच्या स्टँडवरच्या ओळखीच्या रिक्षावाल्या काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे आम्ही धंदा करायचा का नुसतं स्मितहास्य करत बसायचं?" मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले की पुण्यामुंबईच्या पोरांनी भाडं नाकारून नाकारूनच ओला उबरला घर करून दिलं. दोन्ही वाक्यात दम आहे.

दारूबद्दल थोडंच लिहिते कारण ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणजे माहीत आहे असं वाटत असतं. मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. "एक बिअर चालते" हे ज्यानं कुणी पसरवलं त्यानं लोकांचं फार नुकसान केलंय, कारण कुणाला किती चढेल आणि किती वेळ राहील ते वजनावर, खाण्यावर, सगळ्यावर आहे, त्याचा कोष्टक बनवता येत नाही. फुंकायला नकार दिला तर सुटतो हा पण गैरसमज, तो नकार उलट तुमच्याच विरोधात वापरता येतो. पहिल्यांदा १० हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही. आणि दारूची केस कोर्टात जाते, तिथं दोषी ठरलात तर कोर्टानं लायसन कमीत कमी ६ महिने काढून घ्यायचं असतं, म्हणजे आरटीओच्या ३ महिन्यांपेक्षा हे वेगळं प्रकरण आहे. स्कूटरवर होतो हो, गाडीत नव्हतो, असं एकानं सांगितलं. स्कूटर पण मोटार वाहनच आहे.

अपघाताच्या बाबतीत कलम १३४ सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. अपघात झाला तर जखमीला डॉक्टरकडं पोचवायची व्यवस्था करायची, आणि पोलिसाला कळवायचं, उशिरात उशिरा २४ तासांत. ड्रायव्हर पळून का जातो तर मार खायच्या भीतीनं, आणि कायद्यालासुद्धा ते माहीत आहे, जमावाच्या रागामुळं थांबता आलं नाही तर ती सवलत त्या कलमातच दिलेली आहे. म्हणजे जागेवर थांबणं शक्य नव्हतं तर सरळ जवळचं पोलीस स्टेशन गाठा, घरी जाऊन गाडी झाकून ठेवू नका. १३४ मोडलं म्हणून दोषी ठरला तर कोर्टाकडून किमान १ महिना लायसन जातं, तुमची अपघातात चूक असो नसो. आणि ज्याला आधी १८४ खाली शिक्षा झालेली आहे त्याच्या हातून पुन्हा तसाच अपघात होऊन कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं, तर केस नोंदवल्या तारखेपासून ६ महिने त्या प्रकारच्या गाडीचं लायसन आपोआप सस्पेंड होतं. निकालाची वाट बघत नाहीत.

आता पोरांचा विषय, म्हणजे आईबापांचा. अकरावीला क्लास लांब आहे म्हणून गाडी घेऊन देतात आणि मग आमच्याकडं येऊन विचारतात १६ ला लायसन मिळतं ना. मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, तुम्ही घेतलेली आहे ११० सीसीची. अठराच्या आतल्या पोरानं गुन्हा केला तर २०१९ नंतर कलम १९९ ए लागतं, पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही, लर्निंगसुद्धा नाही. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला त्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले तेव्हा हे २५ वर्षांचं कलम पहिल्यांदा लोकांच्या तोंडी आलं. त्यानंतर काही दिवस आमच्याकडं पालक जरा घाबरून होते. काही दिवसच.

वेगाचं वेगळं आहे. पहिल्यांदा वेग मोडला तर दंडावर भागतं, कारला १००० ते २०००, पण दुसऱ्यांदा झाला की कायद्यानं लायसन जप्त करून पुढं पाठवायचं आहे. एक्सप्रेसवेला कारला १००, घाटात ६०, आणि आता तिथं ठिकठिकाणी कॅमेरे बसलेत, त्यामुळं साताऱ्यावरनं मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला घरी पोचायच्या आधी मेसेज येतो. कॅमेऱ्याच्या चलानला एक अडचण अशी की ते गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या नावावर पडतं, आणि लायसन जायचं असतं चालवणाऱ्याचं. गाडी वहिनींच्या नावावर, चालवत होता दीर, आणि वहिनींना तर चालवताच येत नाही, अशी केस आमच्याकडं आलेली आहे. अशा वेळी चालवत कोण होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगणं मालकावर बंधनकारक आहे, कलम १३३. म्हणून मित्राला गाडी देताना पेट्रोल किती आहे याच्यापेक्षा तो कसा चालवतो ते बघा.

तब्येतीमुळं पण लायसन जातं हे लोक विसरतात. लायसन काढताना जो फॉर्म भरतो, एक नंबरचा, त्यात फिट येतात का, चक्कर येते का, २५ मीटरवरची नंबरप्लेट दिसते का असं सगळं असतं आणि सगळे न वाचता "नाही, नाही, हो" करून सही ठोकतात. चाळिशीनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, ते पण कुठं कसं मिळतं मला सांगायला लावू नका. पण एखादा आजार असा आहे की ज्यानं गाडी चालवणं धोक्याचं आहे असं आरटीओला वाटलं तर तो तपासणी करायला लावून लायसन रद्द करू शकतो. खोटी माहिती देऊन काढलेलं असेल तर तो वेगळा मुद्दा, फसवणुकीनं मिळवलेलं लायसन हे कलम १९ मधलं सरळ कारण आहे. यात दुसऱ्या राज्यातनं एजंटकडून आणलेली लायसनं पण आली. एका माणसाला एकच लायसन ठेवता येतं आणि आता सगळं सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी पोर्टलवर, ऑनलाइन आहे, एकाच नावाची दोन सापडतात.

आमच्याकडं शिकलेली एक मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली, ती परवा फोनवर सांगत होती तिकडं पॉइंट असतात, प्रत्येक चुकीला इतके इतके, १२ झाले की लायसन सस्पेंड. आणि तिकडं पोरांची पोटगी थकवली तरी सस्पेंड होतं म्हणे, मी शोधून बघितलं, खरंच आहे. सासूबाई हे ऐकून म्हणाल्या हे मात्र आपल्याकडं आणायला पाहिजे. मला पॉइंटची पद्धत बरी वाटते, कारण माणसाला कळतं तरी आपण कड्याच्या किती जवळ आलोय. आपल्याकडं आधी काहीच नाही आणि एकदम ३ महिने.

बरं, नोटीस आली तर काय करायचं. पहिलं म्हणजे ती दुर्लक्षू नका. आरटीओनं सस्पेंड करायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, आणि कारणं लिहून ऑर्डर काढायची असते, सोडून द्यायचा पर्याय पण त्याच्याकडं आहे. म्हणजे सुनावणी ही नुसती फॉर्मॅलिटी नाही, जायचं. लोक काय करतात, एकतर जातच नाहीत किंवा जाऊन भांडतात. जाताना लेखी खुलासा न्या, एक पान पुरे, आधीचं रेकॉर्ड साफ असेल तर ते लिहा, पोट लायसनवर असेल तर मालकाचं पत्र जोडा, घरात आजारी माणूस असेल आणि तुम्ही एकटेच ड्रायव्हर असाल तर त्याचे कागद लावा. चलानचा फोटो नीट बघा, गाडी तुमचीच आहे का, नंबरातला एक आकडा चुकलेला असतो कधी कधी. "सगळेच करतात" हे वाक्य तिथं बोलू नका, साहेबांनी ते सकाळपासून ऐकलेलं असतं. ऑर्डर विरोधात गेली तर ३० दिवसांत अपील करता येतं, ते कुणाकडं करायचं ते ऑर्डरच्या खाली बघा.

चलान भरलं म्हणजे सस्पेंड टळलं असं पण नाही. दंड वेगळा, लायसनवरची कारवाई वेगळी. एकानं तर लोकअदालतीत पैसे भरून आल्यावर पेढे वाटले होते आणि नंतर नोटीस आली.

आणि सस्पेंड असताना चालवू नका, हे मी अक्षरशः हात जोडून सांगते सगळ्यांना. पकडलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, हे तर आहेच, पण खरी भीती ती नाही. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, ड्रायव्हर लायसनला अपात्र होता हा त्यांचा कायदेशीर बचाव आहे. समोरच्याला भरपाई द्यायला लावली तरी ती रक्कम नंतर तुमच्याकडनं वसूल करायचा हक्क कंपनीला मिळतो. आणि अशा केसमधे रक्कम लाखांत असते, जमीन विकायची वेळ येते माणसावर. डिजिलॉकरमधलं लायसन दाखवीन असं म्हणणाऱ्यांना सांगते, मशीनमधे नंबर टाकला की खरं काय ते त्यांना दिसतं.

३ महिने झाले की कार्ड आपोआप पोस्टानं येत नाही. कायद्यात रिफ्रेशर कोर्स आहे, मान्यता असलेल्या ठिकाणी तो पूर्ण करायचा मग लायसन परत. तो कोर्स कसा असतो, किती फायदा होतो यावर माझं वेगळं मत आहे, धंद्याच्या आड येतं म्हणून इथं लिहीत नाही.

शेवटचं काम, आत्ता फोन हातात आहे तोवर करा. परिवहनच्या साइटवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून स्टेटस बघा, आणि लायसनवरचा पत्ता आणि मोबाईल नंबर आजचा आहे का तपासा. नोटीस जाते ती रेकॉर्डवरच्या पत्त्यावर. लग्नाआधीचं माहेर, कॉलेजची कॉट बेसिस खोली, बंद झालेलं सिम, अशा ठिकाणी गेलेल्या नोटिसा कुणी वाचत नाही, सुनावणीची तारीख निघून जाते आणि माणूस इकडं बिनधास्त गाडी चालवत असतो. पत्ता बदलायचा फॉर्म ऑनलाइन आहे, नाही जमला तर आधार कार्ड घेऊन आमच्याकडं या, सकाळी अकराच्या आत आलात तर सर्व्हर बरा चालतो.